यान्बूची मुकी मावशी

॥ श्री ॥
यान्बू, सौदी अरेबिया
९ सप्टेंबर २००६

चि. ज्ञानदास,

मावशीचे अनेक आशीर्वाद. ते सवयीने लिहिले आहेत. राग खाली आहे, तो सावकाश वाच.

ज्ञानदा, तुझं दुसरं कवितांचं पुस्तक इंग्लंडातल्या एका मोठ्या पारितोषिकाच्या अंतिम यादीत आलं, हे मला तुझ्याकडून कळायला हवं होतं. कळलं कुंदा नेनेकडून. कुंदा म्हणजे आमच्या कंपाउंडमधल्या उमाकांत नेन्यांची बायको आणि इथल्या मराठी मंडळाची स्वयंघोषित अध्यक्ष. तिचा भाचा मँचेस्टरला शिकतो. त्याने तिकडच्या वर्तमानपत्राच्या वेबसाइटवर तुझी एक कविता पाहिली, तिच्यात यान्बूचं नाव दिसलं म्हणून मामीला पाठवली, आणि मामीने ती छापून काढून गौरीच्या हळदीकुंकवाला, जाड पडदे ओढून, सगळ्या बायकांसमोर मराठीत अर्थ लावत वाचून दाखवली. मी समोरच बसले होते. माझ्या हातात वाटली डाळ होती. ती तशीच राहिली.

काय आहे त्या कवितेत? यान्बूला राहणारी तुझी मावशी आहे. ती बंद दारामागे पलंगाच्या कडेवर बसून असते. दिवसभर एक शब्द बोलत नाही. दाराशी तिचं काळं कापड टांगलेलं असतं. चहावर साय धरते, तरी ती पीत नाही. खिडकीच्या दमट काचेवर बोटाने काहीतरी काढत राहते, आणि कुणी यायच्या आत पुसून टाकते. शेवटी म्हणे तिचा आवाज समुद्र घेऊन जातो.

ज्ञानदा, तुला मावशी एकच आहे. म्हणजे ही मीच. मी, अहिल्या दिघे, नाशिकच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले आणि तिथेच निवृत्त होईपर्यंत इंग्रजी शिकवलं. शाळेत असताना वर्गात फार बोलते म्हणून सिस्टर अगाथांनी मला इतक्या वेळा बाहेर उभं केलं होतं, की व्हरांड्यातली एक फरशी माझ्या नावाने ओळखली जायची. माझा आवाज समुद्राने नेला? समुद्राची काय बिशाद!

हसू नकोस. इथे काय झालं ते ऐक. दुसऱ्या दिवसापासून बायका माझी कीव करायला येऊ लागल्या. एकीने घावन आणले. कुंदाने पिंजऱ्यासकट दोन पोपट आणून दिले, सोबत हवी म्हणून. एक तर माझा हात हातात घेऊन नुसती बसून राहिली. मी बोलायला तोंड उघडलं की म्हणायची, काकू, त्रास करून घेऊ नका. आणि सगळ्या जणी जाता जाता शिवांगीला सुचवून गेल्या की सासूबाईंना जरा समुद्राकाठी कॉर्निशवर फिरवून आणत जा.

खरी गोष्ट इथे आहे. शिवांगी पॉलिक्लिनिकमध्ये दिवसभर लोकांचे दात बघते आणि संध्याकाळी घरी येऊन माझ्या आवडीची भाजी करते. ती पोर मला कधी उणा शब्द बोललेली नाही. कुंदाकडून आल्यापासून ती गप्प झाली आहे. परवा यतीनला म्हणाली की आईंना इथे कोंडल्यासारखं होत असेल, तर आपण त्यांना थांबवून ठेवणं बरोबर नाही. माझ्या व्हिजिट व्हिसाची मुदत नोव्हेंबरअखेर संपते. यतीन कंपनीमार्फत माझा इकामा करून घेण्याच्या खटपटीत होता, म्हणजे मला कायम इथे राहता आलं असतं. आता कागद त्याच्या टेबलावर तसेच पडले आहेत आणि दोघं माझ्यासमोर हवापाण्याच्या गप्पा मारतात.

मला नाशिकच्या फ्लॅटमध्ये परत जायचं नाही. तिथे चार खोल्या आहेत आणि कुकरला एकटीपुरता भात लागतो. इथे नातीचं, सानिकाचं, आठवीचं इंग्रजी माझ्याकडे आहे, ते तिच्या शाळेवर सोडण्यासारखं नाही. मला इथे राहायचं आहे, आणि तुझ्या एका कवितेने माझं बूड हललं आहे.

तेव्हा ताबडतोब त्या वर्तमानपत्राला कळव की ही मावशी खोटी आहे. यतीन आणि शिवांगीला वेगळं पत्र लिही. लोभ आहेच, पण सध्या कपाटात घडी करून ठेवला आहे.

तुझी,
(बोलकी) मावशी


लेस्टर
२७ सप्टेंबर २००६

ती. मावशीस,

ज्ञानदाचा शिरसाष्टांग नमस्कार, आणि कान पकडून उभी आहे असं समज.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तू रागावलीस की तुझं मराठी फार सुंदर होतं. माझं कसं आहे ते तूच ठरव. लहानपणी मी तुला पाठवलेली पत्रं तू लाल शाईने दुरुस्त करून, दहापैकी गुण देऊन परत पाठवायचीस. इथली माझी मित्रमंडळी अजून ही गोष्ट खरी मानत नाहीत. इंग्लंडमधल्या कवींपैकी बहुधा मी एकटीच आहे जिला लिहायला शिकवलं ते नाशिकच्या पोस्टाने.

पारितोषिकाचं कळवलं नाही कारण मिळेल असं वाटत नव्हतं. आणि नाहीच मिळालं, गेल्या आठवड्यात दुसऱ्याला गेलं. मी समारंभाला निळी साडी नेसून गेले, चांगलं जेवले आणि शेवटच्या बसने घरी आले. तुला माझी आजवरची वाटचाल माहीतच आहे. बाबांच्या इच्छेने फार्मसी केली. औषधांच्या दुकानात पाकिटांच्या पाठीवर कविता लिहिल्या. पहिली पुस्तिका आम्ही मैत्रिणींनी स्वयंपाकघरात बसून स्टेपल केली होती. मग तुरुंगात आणि शाळांमध्ये कविता शिकवायच्या नोकऱ्या केल्या. सदतीसाव्या वर्षी कुणीतरी माझं नाव जवळजवळ बरोबर उच्चारायला लागलं आहे.

आता एक बातमी. आधी बसून घे. तीच कविता पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या परीक्षेसाठी नेमलेल्या कवितासंग्रहात निवडली गेली आहे. जानेवारीत छपाई आहे. माझ्यासारख्यांच्या आयुष्यात हे एकदाच होतं, मावशी. पारितोषिकाचं पुस्तक दोन वर्षांत विसरतात. शाळेत पाठ केलेली कविता माणूस मरेपर्यंत सोडत नाही, हे तूच मला सांगितलं होतंस.

म्हणून वर्तमानपत्राला असं काही कळवणं मला जमणार नाही. कविता म्हणजे साक्ष नव्हे. कवितेतली मावशी ही कवितेतली आहे, जशी चित्रातली नदी चित्रातली असते. हे तू शाळेत शिकवलं असशीलच. शिवांगीवहिनीला मात्र मी आजच लिहिते आहे. तिला त्रास झाला याचं मला खरंच वाईट वाटतं.

आई बरी आहे, नेहमीसारखी. बाबा गेल्यापासून बागेत जास्त वेळ असते. तिला ही कविता दाखवलेली नाही. तिला इंग्रजी वाचायचा कंटाळा आहे हे तुला ठाऊकच आहे. तुला नमस्कार सांगते आणि सर्व ठीक आहे म्हणते.

कपाटातला लोभ अधूनमधून उन्हात घालावा, ही विनंती.

तुझी,
ज्ञानदा


॥ श्री ॥
यान्बू
१४ ऑक्टोबर २००६

चि. ज्ञानदास,

आशीर्वाद. बसून घे म्हणालीस, पण मी उभीच होते, आणि वाचून झाल्यावर बराच वेळ उभी राहिले.

परीक्षेला! मी आयुष्यभर प्रश्नपत्रिका काढल्या. ओळीचा अर्थ सांगा, प्रतिमेचं सौंदर्य उलगडा, असे प्रश्न काढून मी नाशिकच्या तीन पिढ्यांना घाम फोडला. आता इंग्लंडातली पोरं पेन चावत मावशीचं मौन कशाचं प्रतीक आहे याचं उत्तर लिहिणार. मीच प्रश्न झाले, तोही पाच-दहा गुणांचा.

सध्या रमजान चालू आहे. दिवसा सगळं गाव झोपलेलं आणि सूर्य मावळल्यावर जागं. आमचा टॅक्सीवाला सिराजुद्दीन हैदराबादचा. रोजा धरून मला भरदुपारी सुकामेव्याच्या दुकानी घेऊन गेला. मी दुकानदाराशी खजुरांवरून अर्धा तास हुज्जत घातली, तो बाहेर उन्हात उभा राहून ऐकत होता. परत येताना म्हणाला, आपा, तुम्ही बोलायला लागलात की मी तहान विसरतो. हा घे तुझ्या मुक्या मावशीचा दाखला.

कविता म्हणजे साक्ष नव्हे, हे मला शिकवू नकोस. पण खोटं चित्र काढायचं तरी ते आतून खरं असावं लागतं. कुंदाकडचा छापील कागद मी मागून आणला, लाल पेन घेतलं आणि नेहमीप्रमाणे तपासला. सोबत परत पाठवते आहे. दहापैकी चार. कारणं वाच.

पहिलं, तुझी मावशी घरात लोकरी कोट घालून बसते. यान्बूत! सप्टेंबरात इथे भिंतीला हात लावला तर चटका बसतो. जानेवारीत एखादी शाल लागते, तीसुद्धा एसीमुळे. लोकरी कोट या गावात मी फक्त खेळण्यातल्या अस्वलाच्या अंगावर पाहिला आहे.

दुसरं, ती खिडकीतून बस मोजत बसते. इथे रस्त्यावर मोजायला बस नाही. शाळेची एक पिवळी बस सकाळी येते, ती सानिकाला घेते आणि जाते. मोजणी संपली.

तिसरं, काळं कापड. अबाया, म्हणजे तो काळा झगा, मी बाहेर जाताना घालते, पुढे टिचबटणं असतात, घरी आले की खुंटीला लावते. शाळेत शिकवत असताना पांढऱ्या साडीची सक्ती होती, तिच्याबद्दल मी अबायापेक्षा जास्त भांडले होते. मला चीड अबायाची नाही. चीड याची आहे की इथे मला गाडी चालवता येत नाही आणि नमाजाच्या वेळी नेमकं माझ्याच तोंडावर दुकानाचं शटर खाली येतं. त्यावर तू एक ओळ लिहिली नाहीस. चिडलेली म्हातारी तुम्हाला कवितेत चालत नाही, सोसणारी लागते.

चौथी चूक अक्षम्य. दमट काच. इथे समुद्राची हवा बाहेर आणि एसीचा गारवा आत, त्यामुळे काचेला पाणी बाहेरून सुटतं. आतून काच कोरडी ठणठणीत. तिच्यावर बोटाने काही काढायचं तर मला दुसऱ्या मजल्याच्या बाहेर लोंबकळावं लागेल. काच आतून दमट होते ती थंड देशात, जिथे बाहेर बर्फ आणि आत माणसं श्वास सोडत असतात. सहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे.

म्हणजे हे घर तू पाहिलेलं घर नाही, की ऐकलेलं नाही, की नीट कल्पलेलं नाही. मग कुठलं आहे? बाहेरून आणलेला कोट माझ्या अंगावर चढवून मला परीक्षेला बसवायचा तुला काय अधिकार?

घरात अजून तेच. शिवांगीला तुझं पत्र मिळालं. तिने वाचून उशीखाली ठेवलं. यतीनच्या टेबलावरचे कागद हलले नाहीत. पोपट मात्र बोलायला लागले आहेत. मी शिकवलं.

उत्तर लवकर आणि खरं पाठव. प्रेम कमी झालेलं नाही. पण ते तपासायला घेतलं आहे.

मावशी


लेस्टर
२९ ऑक्टोबर २००६

ती. मावशीस,

सा. न. वि. वि.

दिवाळीत तुझा तपासलेला कागद आला. कोट, बस आणि काच यांच्याखाली तू तीन-तीन रेघा मारल्या आहेस. मी तो स्वयंपाकघरातल्या फळीवर लावला आणि आठवडाभर त्याच्याकडे पाठ करून चहा केला.

इथे मोठी मोठी परीक्षणं आली, मावशी. एका विद्वानाने त्या दमट काचेवर अख्खं पान लिहिलं. देश, पडदा, श्वास, काय काय. ती काच दमट कुठल्या बाजूने आहे हे कुणी विचारलं नाही. तू पहिली.

ते घर यान्बूचं नाही. ते आमचं इथलं पहिलं घर आहे, किराणा दुकानावरची खोली. कोट आईचा आहे. बाबा कारखान्यात रात्रपाळी करायचे आणि दिवसा झोपायचे, म्हणून आवाज करायचा नसे. आईला इंग्रजी येत नव्हतं. खाली दुकानात जायचं तर कोट घालून तयार व्हायची, पलंगाच्या कडेवर बसायची, आणि मग जायचीच नाही. तसाच कोट घालून तासन्‌तास बसून राहायची. मी चार-पाच वर्षांची असेन. मी बस मोजायचे आणि ती खिडकीवर बोटाने रेघा काढायची. बाबांची उठायची चाहूल लागली की बाहीने पुसून टाकायची. तेव्हा ती दिवस दिवस बोलत नसे. पुढे आम्ही दुसऱ्या घरी गेलो, शेजारी माणसं मिळाली, आणि ती बोलायला लागली. पण त्या खोलीबद्दल आजवर एक शब्द नाही.

ही कविता मी आईच्या नावाने तीनदा लिहिली आणि तीनदा फाडली. बाबा होते तोवर त्यांना लागेल म्हणून. ते गेल्यावर आईला लागेल म्हणून. मग दोन वर्षांपूर्वी तू पहिल्यांदा यान्बूला गेलीस. मी ती सगळी खोली उचलून तुझ्याकडे नेली, दाराला काळं कापड टांगलं, आणि कविता एका दिवसात झाली. संपादकांना ते कापड फार आवडलं. ते आवडलं तेव्हाच मला कळायला हवं होतं.

तूच का, असं विचारशील. कारण तुझ्या अंगावर काही पडलं तर तू ते उचलून परत फेकशील हे मला माहीत होतं. आई उचलणार नाही. ती ते घेऊन बसून राहील.

संग्रहाच्या संपादकांना मी कळवलं आहे की कविता कदाचित मागे घेईन. तुझं उत्तर येईपर्यंत ते थांबतील. तू सांगशील तसं करीन. शिवांगीवहिनीला आणि यतीनदादाला यातलं काय सांगायचं तेही तूच ठरव.

गुण कमी कर, पण पत्र बंद करू नकोस.

ज्ञानदा


॥ श्री ॥
यान्बू
१३ नोव्हेंबर २००६

चि. ज्ञानदास,

अनेक आशीर्वाद. हे पत्र चार वेळा सुरू केलं. माझ्या बाबतीत असं होत नाही.

आधी तुझ्या आईवर चिडून घेते. ही बाई मला सदुसष्ट सालापासून पत्रं लिहिते आहे. निळे एरोग्राम, म्हणजे कागद दुमडला की तेच पाकीट, आणि त्यात चार ओळी: इकडे सर्व क्षेम, थंडी आहे, कोथिंबीर मिळत नाही, तुझी तब्येत जप. मी दर वेळी चार पानं लिहायची आणि मनात म्हणायची, परदेशात जाऊन अनुराधा शिष्ट झाली. आमच्या बाबांवरही चिडायचं आहे. त्यांनी थोरलीला कॉन्व्हेंटमध्ये घातलं आणि धाकटी आजारी असते म्हणून तिला घराजवळच्या शाळेत. मग कॉन्व्हेंटवाली राहिली नाशिकला आणि इंग्रजी न येणारी गेली इंग्लंडला. पण बाबा वर आहेत, त्यांना पत्र पोचत नाही. म्हणून उरलेला राग तुझ्यावर.

आता शिवांगीचं. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ठरवलं, हिला हिशेबाने समजावून सांगायचं की ही मी नव्हे आणि हिच्या घराला कुणी नावं ठेवत नाही. ती क्लिनिकमधून आली, पर्स खाली ठेवली, तेव्हा मी सगळं सांगितलं. मावशी म्हणजे कोण, खोली कुठली, कोट कुणाचा. ती ऐकत होती आणि मग ओट्याशी उभी राहून रडायला लागली. मला वाटलं, अपमान निघाला बाहेर. तसं नव्हतं. म्हणाली, आई, मला लोकांचं काही वाटलं नाही. लग्न होऊन ती इथे आली तेव्हा दातांच्या डॉक्टरचा परवाना मिळायला दोन वर्षं लागली. यतीन सकाळी प्लांटवर जायचा तो संध्याकाळी यायचा. ती अबाया घालून, पर्स घेऊन, पलंगाच्या कडेवर बसायची. जायचं कुठे? म्हणाली, कोट सोडला तर त्या कवितेतलं सगळं खरं आहे. हळदीकुंकवाला ऐकताना मला वाटलं ज्ञानदाताईंना माझं कुणी सांगितलं. आणि मग तिला वाटलं की मलाही तसंच होत असणार, मी नुसती दाखवत नाही. म्हणून ती यतीनला म्हणाली होती की मी भोगलं ते आईंना भोगायला लावणार नाही.

पाहिलंस? तू मावशी लिहिलीस. त्यात तुझी आई निघाली, माझी सून निघाली. जिच्या नावावर ती खपते आहे ती तेवढी त्यात नाही. एवढा अपमान माझा सिस्टर अगाथांनीही केला नव्हता.

मी शिवांगीला स्पष्ट सांगितलं की मला कोंडल्यासारखं होत असतं तर ते सगळ्या कंपाउंडला पहिल्याच आठवड्यात ऐकू गेलं असतं. त्यावर ती इतकी हसली की सानिका अभ्यास सोडून धावत आली आणि इंग्रजीत विचारायला लागली की काय झालं. इकाम्याचे कागद परवा कंपनीत गेले. यतीनने मला विचारलं की खरंच राहायचं ना. मी म्हटलं, खलास, पुन्हा विचारायचं नाही.

कुंदाचं ऐक. तिने मंडळाच्या दिवाळी फराळाला, मौनातून सोसणारी स्त्री म्हणून मला शाल आणि नारळ द्यायचं ठरवलं होतं. मी शाल घेतली, नारळ घेतला आणि मग माइकही घेतला. शेवटी उमाकांतरावांनी जेवण गार होतंय म्हणून हात जोडले. पोपट कुंदाला परत दिले आहेत. आता ते तिला माझ्या आवाजात ओरडतात.

आता तुझं. कविता मागे घ्यायची नाही. शिवांगीसारखी कुणीतरी ती शाळेत वाचेल आणि पुढे कधीतरी पलंगाच्या कडेवर बसल्यावर तिला आठवेल. पण दाराचं काळं कापड काढ. यान्बू काढ. ती खोली जिथली आहे तिथे परत नेऊन ठेव. सौदीत बायकांना अडचणी पुष्कळ आहेत, त्या मी स्वतः मोजते आहे; पण तुझ्या लेस्टरच्या थंडीचं खापर या वाळूवर फोडायचं कारण नाही.

आणि हे करण्याआधी आईकडे जा. तिच्या स्वयंपाकघरात बसून तिला ती मराठीत वाचून दाखव. ती उचलणार नाही म्हणतेस. तिला उचलायला कधी कुणी दिलं होतं? शब्द अडला तर फोन कर, मी जागी असेन. आईने नको म्हटलं तर मात्र कविता फाड, परीक्षा गेली खड्ड्यात.

चार गुण मी खोडले आहेत. पुढचे गुण देणं माझ्याकडे नाही.

लोभ कपाटातून बाहेर काढला आहे. जरा डांबराच्या गोळ्यांचा वास येईल, चालवून घे.

मावशी


॥ श्री ॥
लेस्टर
४ डिसेंबर २००६

ती. ताईस,

अनुराधाचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. थंडी आहे. कोथिंबीर आता मिळते.

रविवारी ज्ञानदा आली होती. ओट्याजवळच्या टेबलाशी बसून तिने मला तिची कविता मराठीत वाचून दाखवली. दोन ठिकाणी अडली, पण तुला फोन करायला मी नको म्हटलं. तू सुरू झालीस की कविता राहून गेली असती. वाचताना ती रडली. मी चहा केला. मग ती फार वेळ माझ्याकडे बघत राहिली, म्हणून मी सांगितलं की छापू दे. माझी हरकत नाही. तो कोट हिरवा होता, तिने करडा लिहिला आहे, तेवढं तिला बदलायला सांगितलं.

तू तिच्यावर रागावलीस ते बरं केलंस, पण आता पुरे. तिने तुला मुकी केलं हे ऐकून मी पुष्कळ दिवसांनी हसले.

एक मात्र तिला चुकीचं आठवतं. मी काचेवर रेघा काढत नव्हते. ती लहान होती, तिला अक्षरं कुठून कळणार? एरोग्रामवर पत्ता इंग्रजीत लिहावा लागे. सुरुवातीला हेच लिहून द्यायचे, पण रात्रपाळी करून झोपलेल्या माणसाला त्यासाठी उठवायचं माझ्या जिवावर यायचं. एरोग्राम खराब झाला की दुसरा आणायला खाली दुकानात जाऊन बोलावं लागे. म्हणून आधी काचेवर लिहून बघायची. तुझं नाव, मग घर, मग नाशिक. ते जमायला फार दिवस गेले. हे उठले की पुसायची, नाहीतर यांना वाटलं असतं की आपण बायकोला मदत करत नाही.

पत्ता एकदा कागदावर उतरला की मी दमून जायची. आत लिहायला फारसं काही सुचत नसे. तू शिष्ट म्हणालीस म्हणे. असू दे.

पहिला तसा एरोग्राम तुला पोचला तेव्हा तुझं चार पानी उत्तर आलं होतं. त्यात तू लिहिलं होतंस की पाकिटावरचं इंग्रजी अक्षर फार सुरेख आहे, सदानंदरावांना सांग. मी त्यांना सांगितलं नाही.

यतीनला आणि शिवांगीला आशीर्वाद. शिवांगीला म्हणावं, एकदा मला फोन कर. सानिकाला पापा. तुझा इकामा झाला की कळव.

लोभ होता तसाच ठेव, जास्त नको, झेपत नाही.

तुझी,
अनुराधा

ता. क. आज ज्ञानदा पत्ता लिहून देते म्हणत होती, पोस्ट बॉक्स आणि सौदीचं सगळं नीट पाहिजे म्हणून. मी दिला नाही. पाकिटावरचं अक्षर माझं आहे. दहापैकी किती ते कळव.